सात नंबरचं मशीन

ग्रिम्झबीत पहाटे साडेपाचला
दुकानाचं शटर मी अर्धंच वर करते,
कमरेइतकं.
तेवढा अर्धा तास मी कुणाचीच मालकीण नसते.

मग फिश डॉकवरचे एप्रन येतात,
हॅडॉकचा वास आधी, माणूस मागाहून.
मी नाक मुरडत नाही, वेंगुर्ल्याची आहे.
साठ अंशांवर दोनदा, मूठभर सोडा जास्त.
डोरीनच्या ड्युव्हेला मी गोधडी म्हणते,
आताशा तीही म्हणते "गोडी",
आणि मी दुरुस्त करत नाही.

मागच्या खोलीत, पावडरच्या पोत्यांपलीकडे
माझं दुसरं दुकान, बिनपाटीचं.
लेस्टरहून, ब्रॅडफर्डहून आलेल्या पेट्या,
भाते सोडवून, पोटं उघडून ठेवलेल्या.
एका सुरावर गंज,
एकात कुठल्याशा पूजेतला तांदळाचा दाणा.
पितळी जीभ टोकाशी घासली की सूर चढतो,
बुडाशी घासली की उतरतो,
हात जरा जड पडला की जीभच गेली.
मेस्त्रीकाकांनी हे शिकवलं.
धंद्याचं कुठे घासायचं, ते कुणी सांगितलं नाही.

मशीनं पेट्यांना पोसतात.
अकाउंटंट ओल्डरॉइड विचारतो,
हा छंद की व्यवसाय? रकाना एकच आहे.
म्हटलं, मूल आहे.
त्याने ते 'इतर'मध्ये टाकलं.

खरं मूल तीन नंबरच्या ड्रायरवर बसून
उबेला भागाकार करतं.
"आई, बाकी उरली. कुठे ठेवू?"

फोनवर माझी आई म्हणते,
एक ना धड, भाराभर चिंध्या.
मी म्हणते, असू देत,
धुतलेल्या तर आहेत!

हेरंब चौदा दिवस समुद्रात, पवनचक्क्यांच्या पोटात,
चौदा दिवस घरी.
कॅलेंडरवर त्याचे दिवस पिवळे,
व्हॅटचे लाल,
पेट्यांचे पेन्सिलने, कारण ते खोडावे लागतात.

त्या गुरुवारी पिवळं आणि लाल एकाच चौकोनात आलं.
सात नंबर गळत होतं.
लेस्टरची पेटी शनिवारी लग्नाला हवी होती
आणि तिचा मध्यम तोंड उघडत नव्हता.
तीनला मी धक्क्यावर जाणार होते, त्याला आणायला.
तसं म्हटलं होतं मी.

मागे होते, कान पितळेला लावून.
बाहेर दार वाजलं. नाणी पडली.
एक, एक, एक, मग पन्नास पेन्सचं.
आवाजावरून कळलं, सात नंबर.
नको तिथे, असं ओरडणार होते,
पण मध्यम अगदी हाताशी आला होता.
म्हटलं, गळू दे.

किती वेळाने कोण जाणे, फडकं घेऊन बाहेर आले
तर बाकावर हेरंब.
दाढी वाढलेली, सॅक रिकामी,
खाली पाणी म्हणून पाय वर घेऊन बसलेला,
काचेआड त्याचे चौदा दिवस गरगरत होते.

"हाक नाही मारायची?"
त्याने भिंतीवरची माझीच पाटी वाचून दाखवली:
मशीन चालू असताना दार ओढू नये.

मी लादी पुसली.
तो पाय खाली ठेवेना,
मी वर बघेना.
ऊर्मी मात्र भागाकार टाकून त्याच्या गळ्यात पडली,
तिला कुठे वाचता येतात पाट्या,
म्हणजे येतात, पण ती वाचत नाही.

रात्री गल्ला मोजला. हिशेब चोख जुळला,
तेच खुपलं.
साडेतीन पौंड बाजूला काढले.
वहीत लिहिले तर तो गिऱ्हाईक होतो,
परत दिले तर काय होतो, ठाऊक नाही.
पावडरच्या रिकाम्या डब्यात पडून आहेत अजून.

रविवारी लेस्टरहून फोन आला,
पेटी झकास वाजली म्हणे.
हेरंब चहा गाळत होता.
न वळता म्हणाला,
"मध्यम जरासा चढाच राहिला गं."

म्हणजे बाकावर बसून
तो ऐकत होता.